आगाऊ तिकिटाचा भ्रम

सुट्टीचा प्रवास स्वस्तात कसा करावा, यावर आपल्याकडे जवळपास एकमत आहे: तिकीट लवकर काढा. वडीलधारे हेच सांगतात, ऑफिसातला नेहमीचा जाणकार हेच सांगतो, टूर कंपन्यांच्या ‘अर्ली बर्ड’ जाहिराती हेच ओरडून सांगतात. मे महिन्यात कुठे तरी जायचंय आणि फेब्रुवारी उजाडला तरी विमानाची तिकिटं काढली नाहीत, असा माणूस चारचौघांत उधळ्या ठरतो. सरकारचाही या मतावर शिक्का आहे. जून २०२२मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कर्मचाऱ्यांच्या सरकारी खर्चाच्या विमानप्रवासासाठी, एलटीसी म्हणजे रजा प्रवास सवलतीसकट, सूचना काढल्या. तिकीट शक्यतो २१ दिवस आधी काढावं, असं त्यात म्हटलं आहे.

एवढ्या लोकांना पटलेलं मत खोडायचं, तर आधी ते नीट मांडायला हवं. विमानाचा दर दिवस जवळ येतील तसा चढतो, हे प्रत्येकाने मोबाइलवर स्वतः पाहिलेलं असतं. गणपतीच्या दिवसांचं आरक्षण उघडलं की कोकणकन्या, मांडवी, तुतारी काही मिनिटांत भरतात आणि थोड्याच वेळात वेटिंगसुद्धा मिळेनासं होतं, ‘रिग्रेट’ दिसू लागतं. मागे राहिलेल्याच्या वाट्याला तत्काळची झटापट येते, नाही तर खासगी बसचं अव्वाच्या सव्वा भाडं. शिवाय सगळं वेळेत ठरलं की घरात शांतता राहते. तिची किंमत कोण करणार?

यातलं एकही निरीक्षण खोटं नाही. गफलत त्यावरून काढलेल्या निष्कर्षात आहे. सुट्टीतल्या प्रवासाचा खर्च तुम्ही तिकीट कोणत्या दिवशी काढलंत यावर थोडा आणि कोणत्या दिवशी निघालात यावर फार ठरतो. आपण सगळी अक्कल पहिल्या तारखेवर खर्च करतो आणि दुसरी देवाने नेमून दिल्यासारखी धरून चालतो.

आधी रेल्वे घेऊ. साध्या मेल-एक्स्प्रेस गाडीचं भाडं अंतर आणि वर्ग यांवर ठरतं. ते ६० दिवस आधी जेवढं, तेवढंच आठवडाभर आधी. दादर ते कुडाळ एसी थ्री-टियरचं तिकीट पहिल्या मिनिटाला पटकावणाऱ्याला रेल्वे एका पैशाची सूट देत नाही. त्याला मिळते ती जागेची हमी. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर ही हमी लाखमोलाची आहे, ती घ्यावीच. पण तिची नोंद बचतीच्या रकान्यात करू नये. कुणी म्हणेल, मध्येच भाडेवाढ झाली तर? १ जुलै २०२५ला झाली होती. एसी वर्गाला किलोमीटरमागे दोन पैसे. हजार किलोमीटरच्या प्रवासाला वीस रुपये झाले. ज्याला वीस रुपये वाचवायचे आहेत त्याने खुशाल घाई करावी.

राजधानी, शताब्दी आणि दुरांतो या गाड्यांपुरता मात्र पूर्वपक्ष बरोबर आहे. तिथे ९ सप्टेंबर २०१६पासून ‘फ्लेक्सी’ भाडं आलं. दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं एक पायरी चढतं, ठरावीक मर्यादेपर्यंत. पण आपल्या सुट्टीतल्या किती गाड्या या तीन नावांच्या असतात?

बाकीच्या गाड्यांचा हिशेब तर गमतीचाच आहे. साठ दिवस आधी तिकीट काढलंत तर पूर्ण भाडं. आदल्या दिवशी तत्काळमध्ये काढलंत तर मूळ भाड्यावर सेकंड सिटिंगला १० टक्के आणि बाकी वर्गांना ३० टक्के जादा, वर तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर परतावा शून्य. आणि त्याहूनही उशीर केलात, म्हणजे चार्ट लागल्यावर उरलेली जागा ‘करंट बुकिंग’मध्ये घेतलीत, तर मूळ भाड्यात १० टक्के सूट! २०१७च्या सुरुवातीला रेल्वेने ही सवलत आरक्षित गाड्यांना सरसकट लावली. मुलाबाळांना घेऊन करंट बुकिंगच्या भरवशावर स्टेशनवर जावं असं मी म्हणणार नाही, आणि मे महिन्यात अशा जागा उरतही नाहीत. पण ‘लवकर तेवढं स्वस्त’ हा जर नियम असेल, तर सगळ्यात उशिरा येणाऱ्याला सूट कशी, याचं उत्तर त्या नियमापाशी नाही. उत्तर तारखेपाशी आहे: गर्दी नसलेल्या दिवशी निघणाऱ्याला ती मिळते.

घाईची स्वतःची किंमत असते आणि ती कुणी मोजत नाही. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. त्या वेळी दिलेलं कारण वाचण्यासारखं आहे: ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के तिकिटं रद्द होत होती आणि पाच टक्के प्रवासी तिकीट रद्दही करत नव्हते, गाडीतही बसत नव्हते. म्हणजे दोन ते चार महिने आधी शहाणपणाने तिकीट काढणाऱ्या पाचांतला एक पुढे खिडकीवर पैसे सोडून येत होता. २०१५च्या परतावा नियमांत एसी थ्री-टियरच्या कन्फर्म तिकिटामागे किमान १८० रुपये कापले जात. चौघांच्या जाण्यायेण्याचे १,४४० रुपये झाले, जीएसटी वेगळा. आणि हा सगळ्यात सौम्य दर. गाडीची वेळ जवळ आली की भाड्याच्या टक्केवारीत कपात होते.

लोक तिकिटं रद्द का करतात? धरसोड म्हणून नव्हे. आपल्या घरांची तारीख आपल्या हातात असतेच असं नाही. २०२५चा एप्रिल आठवा. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, २५ एप्रिलपर्यंत घ्याव्यात, असं परिपत्रक मार्च महिन्यात आलं. एरवी अनेक शाळा एप्रिलच्या मध्याला मोकळ्या होत, आणि त्याच अंदाजावर लोकांनी गावाची तिकिटं काढून ठेवली होती. पालक ओरडले, मुख्याध्यापक ओरडले. ज्यांनी वेळेत तिकिटं काढली तेच नेमके अडकले. निवांत बसलेल्यांचं काहीच बिघडलं नाही.

आता विमान. इथे पूर्वपक्षाचा पाया भक्कम दिसतो, म्हणून तो खणून पाहायला हवा.

लवकर घेणाऱ्याला स्वस्त, ही रीत विमान कंपन्यांनी सुरू केली ती एका विशिष्ट अडचणीवर तोड म्हणून. १९७२मध्ये ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला. स्वस्तातली खुर्ची आत्ता विकावी की महागात घेणाऱ्यासाठी राखून ठेवावी? राखून ठेवली तर पुढे जास्त पैसे देणारा येण्याची शक्यता किती, तिला त्या चढ्या दराने गुणा. येणारा आकडा आजच्या स्वस्त दरापेक्षा मोठा असेल तर विकू नका. १९७७मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘सुपर सेव्हर’ नावाची तिकिटं काढली. अट अशी की तिकीट कित्येक दिवस आधी घ्यायचं आणि गेलेल्या गावी ठरावीक दिवस मुक्काम करायचा. हेतू उघड होता. कामासाठी जाणारा माणूस ऐन वेळी ठरवतो, दोन दिवसांत परततो आणि पैसे कंपनी भरते. त्याला या अटी झेपत नाहीत. सुट्टीवाल्याला झेपतात. १९८५मध्ये पीपल एक्स्प्रेस या स्वस्त कंपनीशी लढताना अमेरिकन एअरलाइन्सने हेच हत्यार अधिक धारदार केलं आणि दोन वर्षांत पीपल एक्स्प्रेस संपली.

आगाऊ तिकिटाची सूट ही अशी दोन प्रकारची गिऱ्हाइकं वेगळी काढण्याची चाळणी आहे. जिथे ऐन वेळी येणारे कामकरी प्रवासी असतात तिथेच ती चालते: सोमवार सकाळचं मुंबई–दिल्ली, किंवा हिवाळी अधिवेशनाच्या आठवड्यातलं मुंबई–नागपूर. सरकारचा २१ दिवसांचा सल्ला दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यासाठी म्हणूनच योग्य आहे.

पण मेच्या दुसऱ्या शनिवारचं मुंबई–श्रीनगर घ्या. त्या विमानात कामासाठी जाणारे मूठभर. बाकी सगळे तुमच्याआमच्यासारखे. सगळेच हौशी, सगळेच घाईवाले, आणि तारीख कुणालाच बदलायची नाही. लिटलवुडचा नियम इथे लावा. पुढे जास्त पैसे देणारा येणारच, हे कंपनीला गेल्या कित्येक मे महिन्यांच्या नोंदींवरून ठाऊक आहे. मग ती जानेवारीत स्वस्त खुर्च्या उघडेलच कशाला? जानेवारीत दिसणारा दर मेमधल्या दरापेक्षा कमी असेलही, पण तो मुळातच चढलेला दर आहे. तीच जागा सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारची असेल, तर पंधरा दिवस आधी घेऊनही बहुधा कमी पडते. आपण जानेवारीच्या दराची तुलना एप्रिलअखेरच्या दराशी करतो आणि पैसे वाचले म्हणून खूश होतो. तुलना दुसऱ्या तारखेशी करायला हवी होती.

मंगळवारी दुपारी तिकीट काढा, ब्राउझरची गुप्त खिडकी उघडून बघा, या मंत्रतंत्रांवर वेगळं लिहायची गरज नाही. खुर्चीचा दर त्या तारखेच्या मागणीवर आणि उरलेल्या जागांवर ठरतो. तुमच्या ब्राउझरची कंपनीला एवढी पर्वा नाही. एक सूचना मात्र कामाची: ‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट रद्द झालं तरी विमानतळाची शुल्कं आणि सरकारी कर परत मिळतात, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. ते मागायचं असतं हे लोकांना माहीत नसतं, आणि कंपन्या आपणहून आठवण करून देत नाहीत.

तिकिटाच्या नादात आणखी एक गोष्ट नजरेआड होते. जानेवारी २०२३पासून गोव्याला मोपाचं दुसरं विमानतळ मिळालं. जुन्या दाबोळीपेक्षा मोपाचं तिकीट माणशी चार-पाचशेनी कमी दिसतं, म्हणून चौघांचं कुटुंब ते घेतं. खोली पाळोळ्याला, गोव्याच्या पार दक्षिण टोकाशी. मोपा उत्तरेला पेडण्यात. पाळोळं तिथून शंभरेक किलोमीटर, दाबोळीहून साठेक. विमान रात्री उतरतं. कदंबची बस मडगावपर्यंत नेते, पण तिची वेळ सामान येईपर्यंत टळून गेलेली असते. टॅक्सीच्या खिडकीपाशी दर ऐकून बाप एकदा मोबाइलकडे बघतो, एकदा बायकोकडे. तिकिटात वाचलेले दीड-दोन हजार जास्तीच्या त्या चाळीस किलोमीटरच्या टॅक्सीत जातात. (गोव्यातले टॅक्सीचे दर हा स्वतंत्र आणि संतापजनक विषय आहे, त्यात आज शिरत नाही.) रेल्वेने आला असता तर काणकोण स्टेशन पाळोळ्यापासून तीनेक किलोमीटरवर होतं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याला जाणाऱ्याला मात्र मोपाच सोयीचं. विमानतळ वाईट नाही. तिकिटाचा आकडा घरापासून खोलीपर्यंतच्या आकड्यापासून तोडून वाचणं वाईट.

खोल्यांच्या बाबतीत तर आगाऊपणाचा तर्क बऱ्याचदा उलटाच चालतो. रिकामी गेलेली खोली म्हणजे मंडईत संध्याकाळी उरलेली मेथी. सकाळचा भाव सांगत बसलं तर फेकून द्यावी लागते. मागणी नसलेल्या दिवसांत हॉटेलवाला आठवडा उरला असता जो दर देतो तो दोन महिने आधी दिलेला नसतो. मागणीच्या दिवसांत तो हलत नाही, लवकर विचारा वा उशिरा. आणि इथे सरकारही सीझनवाल्याच्या खिशात हात घालतं. २२ सप्टेंबर २०२५पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. एखाद्या खोलीचा दर एरवी ७,५०० असेल तर करासकट ७,८७५ होतात. नाताळात तिचाच दर ८,००० झाला की बिल ९,४४० येतं. हॉटेलने वाढवले पाचशे, तुमचे गेले पंधराशे पासष्ट. ही खोली सहा महिने आधी धरली म्हणून हा कर टळत नाही; आठ दिवसांनी गेलात तर टळतो.

खासगी बसचंही तसंच. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये, असा राज्य शासनाचा एप्रिल २०१८चा आदेश आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री पुण्याहून नागपूरला किंवा लातूरला जाणाऱ्याला तो कुठे भेटतो ते विचारा. त्या रात्रीचा दर महिनाभर आधीसुद्धा चढलेलाच असतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: तारीख आमच्या हातात कुठे आहे? शाळा सुटल्यावरच निघणार ना? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. शाळेची सुट्टी दीड महिन्याची असते आणि आपण सगळे मिळून तिच्या ठरावीक दोन-तीन आठवड्यांत घुसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एखाद्या थंड हवेच्या गावाचा सीझन आपल्या सुट्टीवर ठरत नाही; ते गाव ज्यांच्यावर चालतं त्या गिऱ्हाइकांच्या सुट्टीवर ठरतो. महाबळेश्वर दिवाळीत गुजराती कुटुंबांनी भरतं. हिमाचल भरतं दिल्ली, पंजाब, हरियाणाच्या शाळा सुटल्यावर, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. दार्जिलिंग दुर्गापूजेत बंगाल्यांचं असतं. राज्याराज्यांच्या शाळांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, आणि पैसे वाचतात ते याच फटीत.

मराठी कुटुंबाने मनालीला मेच्या तिसऱ्या आठवड्यात जाणं म्हणजे दिल्लीच्या गर्दीत आपली गर्दी मिसळणं. तेच एप्रिलच्या शेवटी, परीक्षा संपल्या संपल्या गेलं तर उत्तरेच्या शाळा अजून भरलेल्या असतात. रोहतांग बहुधा बंद असेल. पण बर्फ खाली सोलंगच्या वरच्या उतारांवरही भेटू शकतो, आणि रोहतांगच्या परवान्यासाठी धावाधाव करावी लागत नाही. तिथे दिवसाला १,२०० गाड्याच सोडतात आणि मंगळवारी तेही नाही.

इथे एक कबूल केलं पाहिजे. जिथे संख्येवरच मर्यादा आहे तिथे लवकर नाव नोंदवण्याला पर्याय नाही: रोहतांगचा परवाना, गुलमर्गचा गोंडोला, ताडोब्याची सफारी. पण तिथेही आधी नोंदवून प्रवेश मिळतो, सूट नाही. ताडोब्यात शनिवार-रविवारचं शुल्क आठवड्यातल्या दिवसांपेक्षा जास्त आहे, मग तुम्ही ते कितीही आधी भरा. बुधवारी गेलेल्याला वाघ कमी दिसतो असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

दुसरी फट जूनमध्ये आहे आणि ती जवळजवळ फक्त आपलीच आहे. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या शाळा मेच्या अगदी शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात. आपल्या मध्य जूनला आणि विदर्भातल्या उन्हामुळे आणखी आठवडाभर उशिरा. या दहा-पंधरा दिवसांत दक्षिणेतली थंड हवेची गावं रिकामी होतात. कूर्ग, मुन्नार इथे तोवर पावसाने ठाण मांडलेलं असतं, ते सोडा. पण कोडाईकनालला मुख्य पाऊस ऑक्टोबरपासूनचा, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. जूनमध्ये तिथे सरी येतात आणि जातात. मेमध्ये याच गावात शिरायला घाटाखाली गाड्यांच्या रांगा लागतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४पासून तिथे ई-पास आला आणि २०२५च्या उन्हाळ्यात रोज ४,००० गाड्या, शनिवार-रविवारी ६,००० अशी मर्यादाही पडली. खर्च करताना एवढंच लक्षात ठेवायचं की कोडाईकनाल रोड नावाचं स्टेशन गावापासून ऐंशीएक किलोमीटर खाली आहे. नाव वाचून रिक्षेने जाऊ म्हणणारे दरवर्षी तिथे उतरतात.

तिसरी फट दिवाळीला. पश्चिम बंगालमधल्या शाळांची पूजेची सुट्टी भाईफोंट्यापर्यंत, म्हणजे आपल्या भाऊबीजेपर्यंत चालते. आपल्याकडच्या बऱ्याच शाळा त्यानंतरही चार-सहा दिवस बंद असतात. लाडू-चिवडा घरी खाऊन, भाऊबीज उरकून निघालं की दार्जिलिंगच्या हॉटेलवाल्याचा महिनाभराचा मोसम नुकताच सरलेला असतो आणि तो भावाला तयार असतो. परतीचं आरक्षण भाऊबीजेच्या आसपासच्या गाड्यांना मिळत नाही म्हणून लोक कुरकुरतात, पण ती गर्दी घरी येणाऱ्यांची आणि नोकरीवर परतणाऱ्यांची असते. भाऊबीजेनंतरच्या मंगळवार-बुधवारी निघालात तर ती बरीच ओसरलेली असते. नोव्हेंबरात तिथली हवा पावसाने धुतलेली असते. ऐन पूजेत दुप्पट पैसे मोजून गेलेल्यांना टायगर हिलवर कितीदा तरी ढगच पाहून परतावं लागतं. भाऊबीजेनंतरच्या या दिवसांत कांचनजंगा पहाटे स्वच्छ दिसण्याची शक्यता वर्षातली सगळ्यात चांगली.